पालथं झोपण्याविषयी माझं सुधारलेलं मत

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (या खेपेला खरोखरच साष्टांग, कारण हॉस्पिटलच्या खाटेवर पालथा पडूनच लिहितोय.) तुझी खुशाली विचारत नाही, ती, हे पत्र तुला वाचून दाखवणाऱ्या भाचीने फोनवर सांगितली. तुझ्याही छातीत हाच विषाणू, ऑक्सिजन नव्वदच्या खाली, डॉक्टर पालथं झोपा म्हणून विनवतायत आणि मुख्याध्यापिकाबाई ऐकत नाहीत.

आता माझं ऐक. तीस वर्षं गाद्या विकताना मी गिऱ्हाइकांना पाठीवरच झोपायला सांगितलं; दुकानात तशी पाटीच आहे. त्यामुळे सिस्टरने जागेपणी दोन-दोन तास पालथं पडायला सांगितलं, तो मला माझ्या धंद्याचा अपमान वाटला. तिची पाठ वळली की मी उताणा. अडचण एकच, ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायचा तो चिमटा. पण आकडा आम्हीच बघून कागदावर लिहायचा होता आणि शेजारच्या खाटेवर एक कंडक्टर शहाण्यासारखा पालथा पडलेला असे. मी चिमटा त्याच्या बोटाला लावून सत्त्याण्णव लिहू लागलो (त्याने तिकीट फाडावं तितक्या सहज बोट पुढे केलं). डॉक्टरांनी खूश होऊन मला लावलेला ऑक्सिजन कमी केला. थोड्याच वेळात मला बोलता येईना. या वेळी चिमटा माझ्याच बोटाला लागला आणि आकडा आला चौऱ्याऐंशी. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "पालथे व्हा. नाहीतर घशात नळी घालावी लागेल."

मी झालो. तासाभरात त्र्याण्णव! मग माझ्यातला गादीवाला जागा झाला. एक उशी छातीखाली, एक कमरेखाली, पोट मोकळं, मान एका बाजूला. आता नव्या पेशंटच्या उशा सिस्टर मला विचारून लावते. कंडक्टर काल घरी गेला. जाताना म्हणाला, "बोट ठेवून जाऊ का?"

तुझा,
पालथा धाकटा

ता. क. अक्षराचे मार्क कापू नकोस.

ता. क. नळीचं नाव ऐकून मी रडलो. भाची, हे मोठ्याने वाचू नकोस.

ता. क. लहानपणी मी पालथा झोपलो की तू पाठीत धपाटा घालून मला उताणं करायचीस. तुला दटावायला आता तुझ्याहून मोठं कोणी उरलं नाही, म्हणून धाकटा असून सांगतो. ताई, पालथी हो. भाची पत्राची घडी घालायच्या आत हो. मला धपाटा घालणारं दुसरं कोणी नाही.