शेळ्या नव्हत्याच, माय

माय, आपल्याकडे शेळ्या कधीच नव्हत्या. तू असताना हे वाक्य घरात बोलायची सोय नव्हती, म्हणून आज लिहून ठेवते. वस्तीबाहेरच्या कुणीही ‘जनावरं काय हायेत?’ विचारलं की तुझं उत्तर ठरलेलं, ‘शेळ्या हायेत दोन-चार.’ मागच्या कुडाआड डुकरीण घुरघुरत असायची आणि तुझ्या चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही. शाळेत मलाही तेच सांगायला लावलंस. घरात तर तू डुकरांचं नावसुद्धा घेत नव्हतीस. ‘त्यांना घातलं का?’ एवढंच.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. साहेब लोक आले, रस्त्यांवर तांबडा मुरूम पडला, पाऊस तेवढा पडला नाही. डुकरांना घालायचं हॉटेलांचं खरकटं आटलं. तू डाळमिलमध्ये निवडायला जायचीस. मालक शिवभक्त, मिलच्या आवारात कुणी अंडं आणलेलंही त्यांना खपायचं नाही. त्यांना तुझ्या शेळ्यांची दया आली आणि रोज पाटीभर चुनी, म्हणजे डाळीची टरफलं नि कणी, मिळू लागली. तू ती शिजवून, कोमट करून आधी व्यालेल्या डुकरिणीला घालतेस. मग दूध तुटलेल्या पिल्लांना थोडी थोडी, तीनदा. मोठ्यांना नाल्याकडे हाकलतेस, त्यांचं त्यांनी हुडकावं म्हणून. अंगावर पिणाऱ्या पिल्लांपुढे पदरातून आणलेला रस्त्याचा मुरूम टाकतेस. ती चाटतात आणि पांढऱ्या पडलेल्या हिरड्या पुन्हा लाल होतात. नव्या जिल्ह्याचा थोडा रस्ता आपल्या पिल्लांनी खाल्ला, याचं मला अजूनही बरं वाटतं.

मग मालकांच्या नातवाला खोकला धरला आणि त्यांनी तुझ्याकडे तांब्याभर शेळीचं दूध मागितलं. तू ‘हाव मालक’ म्हणून मोकळी झालीस. दूध आटलंय म्हणाली असतीस, तर चुनीही आटली असती. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका मावशीकडे खऱ्या शेळ्या होत्या. तिला अर्धी चुनी द्यायची, दूध घ्यायचं आणि उन्हातून मिलवर पोचवायचं. इकडे डुकरिणीचं दूध कमी पडलं आणि सगळ्यात धाकटं पिल्लू गेलं. ते मी पुरलं आणि तुझ्यासमोर येऊन उभी राहिले. म्हणाले, मालकांना खरं सांग. भाकरी थापणारा तुझा हात थांबला नाही.

‘खऱ्यानं डुकरिणीला दूध येत न्हाई, पोरी.’

तुझ्या तोंडून ‘डुकरीण’ हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मी शिकून नोकरी करावी, या जनावरांची सावलीही माझ्यावर पडू नये, असं तुला वाटायचं. मी शिकले. नोकरी केली नाही. देवणीच्या रस्त्याला माझा डुकरांचा गोठा आहे आणि पाटीवर हातभर अक्षरांत लिहिलंय, ‘डुकरं मिळतील.’ पेंटर म्हणाला, ‘ताई, वराह लिहू का? बरं दिसतंय.’ मी म्हणाले, वराह लिहिल्यावर ती चुनी कमी खाणार असतील तर लिही. गाभणीला घालताना विण्याआधी हात आखडता, व्याल्यावर सढळ, हे तुझंच चालवते. पिल्लांना डॉक्टर लोहाची सुई टोचतो, तरी मी मुरूम टाकतेच. तुझं एवढं ऐकलं, बाकीचं ऐकलं नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. तू लपवलंस म्हणून आपण जगलो, हे कबूल. पण लपवायला लावणारे कोण होते? लाज त्यांची होती, माय, वाहिलीस तू.

हे कुणाला वाचायला द्यायचं नाही. द्यायचं असतं तर पुढचं लिहिलं नसतं. परवा नातीला लातूरच्या शाळेत घालायला गेले होते. बाईंनी सहज विचारलं, ‘घरी काय जनावरं असतात का?’ नात खुर्चीवर पाय हलवत म्हणाली, ‘डुकरं. लई हायेत.’ बरं झालं तिनं घाई केली. माझ्या तोंडात तोवर शेळ्या आल्या होत्या.