वाचनकक्षाचा पंचवार्षिक आराखडा

२६ ऑगस्ट, सोमवार
डीनसाहेबांनी बोलावलं. बदलत्या काळात ग्रंथालयाचं पाच वर्षांचं धोरण काय, हे बघायला ४ ऑक्टोबरला राजधानीहून, असुन्सिओनहून समिती येणार. आराखडा पटला तर वाचनकक्ष राहील. नाही तर तिथे कॉम्प्युटर लॅब, आणि पुस्तकं जिमच्या तळघरात. ग्रंथपाल पोर्फिरियाबाई म्हणाल्या, "एलादियोला द्या, त्याचं अक्षर चांगलं आहे." माझा ग्रंथालयशास्त्राचा डिप्लोमा अर्धा झाला आहे. जबाबदारी मात्र पूर्ण मिळाली.
संकल्प : रोज दोन पानं.

२९ ऑगस्ट
मुखपृष्ठ तयार. 'धोरणात्मक' हा शब्द चार वेळा तपासला. एक प्रत दारावर लावली.

३ सप्टेंबर
आकड्यांशिवाय धोरण नाही. दारात बसून मोजणी सुरू. आज ४१ वाचक.

१० सप्टेंबर
११८. मुखपृष्ठाचा परिणाम दिसतो आहे. उकाड्याने माझं डोकं दुखतं, तरी वाचक थांबत नाहीत. प्रत्येकाच्या काखेत थर्मास. थेट थंड पाण्याच्या मशीनपर्यंत जातात, म्हणजे जाता-येता सगळी कपाटं नजरेखालून जातात. सरासरी मुक्काम दोन मिनिटं. आजचा वाचक वेगवान झाला आहे. यावर स्वतंत्र प्रकरण हवं.
निमिया नावाची विद्यार्थिनी म्हणाली, "दादा, पाणी जरा कोमट येतंय." 'वाचकांचे अभिप्राय' या सदरात घेतलं.

१९ सप्टेंबर
२०३. बाई म्हणाल्या, "अरे बाळा, बाहेर एकोणचाळीस डिग्री आहे. कँटीनचं मशीन बंद पडलंय. पोरं तेरेरेच्या पाल्यावर ओतायला गार पाणी भरून नेतात. पुस्तकाला कुणी हात लावला का, ते मोज."
मी म्हटलं, ते वेगळं सर्वेक्षण होईल, आता वेळ नाही. बाई इतक्या हसल्या की तोंडातल्या चिप्याचा, चीजच्या पावाचा, ठसका लागला. प्रेमळ आहेत, पण आकडेवारी त्यांचा विषय नाही.

२ ऑक्टोबर
आराखडा पूर्ण. ६४ पानं. या वेगाने पाच वर्षांनी रोज २,९०० वाचक. विद्यापीठात विद्यार्थी १,३०० आहेत. बाकीचे आसपासच्या गावांतून येतील.
खुर्च्या काढून टाकल्या. वेगवान वाचकाच्या पायात येतात.

४ ऑक्टोबर, सकाळी ७
पहाटे दक्षिणेचा गार वारा सुटला. अकरा डिग्री. मफलर शोधला. थंडीत माणूस वाचतो, त्यामुळे काळजी नाही.

त्याच दिवशी, दुपारी
अकरापर्यंत कुणीच नाही. समितीचे तिघे उभेच, कारण बसायला काही नव्हतं. मी पळत जिन्यात गेलो. सगळे तिथेच, घरून आणलेला, त्याच पाल्याचा गरम माते पीत. निमिया म्हणाली, "आज पाणी नको, दादा. अशा गारठ्यात तेरेरे कोण पितं?"
मी म्हटलं, मग पुस्तक तरी घे.
"कुठलं?"
मला एकदम एकही नाव आठवेना.
परत आलो तर समितीच्या अध्यक्षबाई आराखड्यातल्या वाचकसंख्येच्या आलेखावर बोट ठेवून होत्या. म्हणाल्या, "हा हवामान खात्याकडून घेतलात का?" मी म्हटलं, नाही, आमचाच आहे. पोर्फिरियाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.
आजची नोंद : ३. तिघेही समितीचे. तरी नोंद केली.

११ ऑक्टोबर
निर्णय आला. वाचनकक्ष लॅबला. डीनसाहेबांनी पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "समितीने तुझ्या शुद्धलेखनाचं खास कौतुक केलंय." पत्रातली ती ओळ मी दोनदा वाचली. चूक नव्हती.

२१ ऑक्टोबर, सोमवार
सकाळपासून हमाल पुस्तकं तळघरात नेत आहेत. पोर्फिरियाबाई प्रत्येक गठ्ठ्यावरची धूळ फडक्याने नाही, हाताने पुसून देत होत्या. मला दुसरं काम नव्हतं, म्हणून दारात बसून मोजत राहिलो.
४,११८. एका दिवसात इतकी पुस्तकं बाहेर गेल्याची आमच्याकडे नोंद नाही.