शुद्ध चांदीच्या सात कोऱ्यांबद्दल

मी, नेणबाई शिवजी बुद्धभट्टी, वय वर्षे एक्क्याऐंशी, जात सोनी, धंदा चांदीकाम, राहणार भुज, कच्छ, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉ. पारुल अंतानी यांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्याआधी डॉक्टरांनी मला वार विचारला, तारीख विचारली आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. ते मी केलं आणि त्यांना आजचा चांदीचा भाव विचारला. त्यांना सांगता आला नाही. तेव्हा कोणाची बुद्धी तपासायची, ते वकील जिग्नेश गोर यांनी ठरवावं.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी दाखवलं तर ते बनावट समजावं. बनावट मालाची मला पारख आहे. ती कशी आली, ते कलम पाचमध्ये लिहिलं आहे.

कलम १. घर. भूकंपानंतर मिळालेल्या प्लॉटवर बांधलेलं घर आणि पुढचं दुकान मुलगा किरीट याला द्यावं. देवघराच्या भिंतीत खिळा ठोकू नये, आतून वायर गेली आहे. तीनदा तोंडी सांगून झालं, चौथ्यांदा लेखी देते.

कलम २. चांदी. माझ्याकडे एक-एक किलोच्या एकवीस विटा आहेत. त्यांतल्या चौदा मुलगी दमयंती हिला, सात किरीटला. त्याला घर आहे, तिला नाही, त्यामुळे ही वाटणी बरोबर आहे आणि यावर चर्चा नको. दर धनतेरसला जमेल तेवढी चांदी घ्यायची आणि विकायची नाही, एवढीच माझी अक्कल. भाव रोज विचारायचा, पण त्याला भ्यायचं नाही. किरीट हल्ली मागे लागलाय (आमच्यात आईला बा म्हणतात), "बा, भाव डोक्यावर आलाय, विटा काढून टाक. मोबाइलवर कागदी चांदी घेऊ, सांभाळायची कटकट नाही." मी म्हटलं, "मोबाइल पडला की मोबाइल फुटतो. वीट पडली की फरशी फुटते. मला दुसरं परवडतं."

ही अक्कल मला फुकट मिळालेली नाही. ऐंशी साली चांदी वेड्यासारखी वर गेली, तेव्हा किरीटच्या बापूजींनी घरातली पुंजी, माझे पायातले चांदीचे कडले आणि दुकानाची कागदपत्रं, सगळं लावून चांदी घेतली. अगदी टोकाला घेतली. पंधरवड्यात भाव कोसळला. ते भिंतीकडे तोंड करून झोपले, ते चार महिने कोणाशी बोलले नाहीत. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता.

कलम ३. हत्यारं. ऐरण, हातोड्या, चिमटे, फुंकणी, मुशी आणि माझ्या सगळ्या कोरण्या सून भारती हिला द्याव्यात. किरीटला नाही. सांध्यात डाख कसा वाहतो, ते तिला कळतं. किरीटला फक्त दुकानाच्या पाटीला कोणता रंग द्यावा ते कळतं.

कलम ४. माझे थोरले दीर मेघजीभाई यांचा पितळी तराजू माझ्याकडे राहिला आहे. तो त्यांच्या नातवांना परत करावा. "बाई ऐरणीला बसली की घरातली लक्ष्मी उठते," असं ते माझ्या तोंडावर म्हणाले होते. या तराजूचं उजवं पारडं जड आहे. हे त्यांना ठाऊक होतं आणि आता त्यांच्या नातवांनाही असू द्यावं.

कलम ५. नाणी. हे कलम लांबेल. वकील म्हणाले, "बा, मृत्युपत्रात गोष्ट लिहायची नसते." मी म्हटलं, "मग फी कमी करा."

माझ्या संग्रहात तीनशे बारा अस्सल नाणी आहेत, बहुतेक आमच्या कच्छ संस्थानच्या जुन्या चांदीच्या कोऱ्या. त्यांखेरीज लाल डबीत एकाच वर्षाच्या सहा कोऱ्या आहेत. त्या वर्षी टांकसाळीत फार थोड्या पाडल्या गेल्या, म्हणून संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात. वर्ष इथे लिहीत नाही, नाहीतर उद्या शंभर जण ठसे कोरायला बसतील. त्या सहांमुळे सगळं गाव मला कच्छातली मोठी संग्राहक म्हणतं. किरीटने गेल्या महिन्यात त्यांची किंमत करायला अहमदाबादचा माणूसही आणला होता. मी त्याला डबी दाखवली नाही, चहा पाजून पाठवला.

त्या सहाही कोऱ्या खोट्या आहेत. त्या मी पाडल्या आहेत.

माझे वडील वेलजीभाई भुजच्या टांकसाळीत ठसे कोरायचे. टांकसाळ बंद झाल्यावर मी घरी त्यांच्या मांडीला मांडी लावून शिकले. सुलटी अक्षरं लिहिण्याआधी मला उलटी कोरता येत होती. ऐंशी साली दुकान जप्तीला आलं, घरधनी भिंतीकडे तोंड करून पडलेले, दमयंती सहा वर्षांची. तेव्हा मी तीन आठवडे बसून त्या वर्षाच्या कोरीचा ठसा कोरला आणि सात कोऱ्या पाडल्या. बापाच्या पेटीत सापडल्या असं सांगून परगावच्या व्यापाऱ्यांना विकल्या. दुकान वाचलं. ठसा मी दुसऱ्या दिवशी ऐरणीवर चेंदून टाकला.

आता माझी चूक सांगते. कोरीत चांदी साठ टक्के, बाकी बहुतेक तांबं. हे मला पाठ होतं. मूस पेटवली, चांदी पातळ झाली, तांबं चिमट्यात धरलं, आणि हात पुढे जाईना. राजाने घातलं तर तो नाण्याचा टंच, सोनाराने घातलं तर ती खोट, हे लहानपणापासून कानी पडलेलं. खोटं नाणं पाडायला मी तयार होते, पण चांदीत तांबं घालायला नाही. आज याचं हसू येतं. त्या दिवशी मात्र मी तांबं बाजूला ठेवलं आणि सातही कोऱ्या निव्वळ चांदीच्या पाडल्या.

दुकान सावरल्यावर मी त्या परत घ्यायला निघाले. गावाला वाटलं, नेणबाईला नाण्यांचा नाद लागला. नाद पुढे खरंच लागला, पण सुरुवात चोराच्या मनातल्या चांदण्याची होती. एक मस्कतहून आणली, एक भूकंपानंतर मांडवीला मिळाली, बाकीच्या चार कुठल्या कुठल्या. विकल्या त्याच्या दसपट मोजून घेतल्या. सहा झाल्या. सातवी मामदहुसेन खत्री मास्तरांकडे होती.

मास्तर हायस्कुलात इतिहास शिकवायचे. नाण्यांसाठी पोटाला चिमटा काढणारा माणूस. मी त्यांना त्या एका कोरीसाठी पाच अस्सल देऊ केल्या, मग दहा, मग चांदीची अख्खी वीट. ते चष्मा वर करून म्हणायचे, "नेणबाई, घरात सहा आहेत ना? मग माझ्या एकीवर डोळा कशाला? लोभाला काही माप असावं!" मी वीस वर्षं हे मुकाट्याने ऐकून घेतलं. तोंड उघडलं असतं तर बापाचं नाव मातीत गेलं असतं.

मास्तर हुशार. त्यांनी कोरी कसोटीवर घासली आणि चांदी फार शुद्ध आहे हे त्यांना कळलं. पण निष्कर्ष काढला तो असा, की ही राजघराण्यात भेट द्यायला खास पाडलेली कोरी. त्यावर अठ्ठ्याण्णव साली त्यांनी मोठा लेख छापला. त्यांचा सत्कार झाला, आणि शाल माझ्या हातून दिली गेली, कारण गावात दुसरी जाणकार बाई नव्हती. लेखात त्यांनी लिहिलं होतं, हा ठसा कोरणारा हात कच्छातला सर्वांत नाजूक हात होता. मला लाज वाटायला हवी होती. खरं सांगते, मला आनंद झाला. घरी येऊन मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

आता मास्तरांचं पुस्तक निघतंय आणि त्या कोरीचा फोटो मुखपृष्ठावर येणार, असं कळलं. इकडे मी गेल्यावर किरीट त्या सहा अस्सल म्हणून विकणार, आणि कोणीतरी आयुष्यभराची बचत त्यांत घालणार. टोकाला घेतलेल्या चांदीने माणसाचं काय होतं, ते मी भिंतीकडे वळलेल्या पाठीवर पाहिलंय. मी ठरवलं, माझ्या मागे माझं खोटं बोलायला एकही कोरी ठेवायची नाही. आणि मास्तरांना हे कागदातून कळता कामा नये. मी स्वतः त्यांच्या घरी गेले.

त्यांनी चहा मागवला. मी सगळं सांगितलं. ते हसले. म्हणाले, "हरलात म्हणून आता माझं नाणंच खोटं ठरवताय?"

मी म्हटलं, "मास्तर, भिंग आणा. कोरीवरच्या कट्यारीच्या मुठीजवळ एक बारीक ओरखडा आहे. तिथे माझी कोरणी घसरली. किरीट रडत उठला होता."

त्या ओरखड्यावर त्यांनी लेखात अर्धं पान लिहिलं होतं. राजाची गुप्त खूण म्हणून.

त्यांनी भिंग आणलं, पाहिलं आणि खाली ठेवलं. मग म्हणाले, "सत्काराला तुम्ही पुढच्या रांगेत होता."

"होते."

"टाळ्या वाजवल्यात."

"वाजवल्या."

"चहा घ्या आणि जा, नेणबाई."

मी चहा घेतला आणि आले. त्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावरचं तेज मी माझ्या हाताने पुसलं, याचं मला जन्मात कधी वाटलं नसेल इतकं वाईट वाटलं. तरी मागे हटले नाही. वकिलांना लिहायला सांगितलं: तीनशे बारा अस्सल नाणी मास्तरांना द्यावीत, सहा खोट्या वितळवाव्यात. सातवीसाठी अर्धं पान रिकामं ठेवलं. ते अकरा दिवस रिकामं राहिलं.

बाराव्या दिवशी मास्तर दुकानात आले. रुमालातून कोरी काढली, ऐरणीवर ठेवली, आणि बसा म्हणायच्या आत सुरू झाले. "सत्तावीस वर्षं मी हिच्यावर बोललो. पोरांना शिकवलं. आणि तुम्ही वितळवणार? म्हणजे मी कशावर मूर्ख ठरलो, ते दाखवायलाही काही उरू नये?"

"मग काय करू, मास्तर?"

"नाव घाला. दागिन्यावर सोनी स्वतःचा शिक्का मारतो ना? मग सातांवरही मारा. उद्या कोणी फसायला नको आणि कोणी तुमचं काम राजाच्या नावावर खपवायला नको. मी तर खपवलं."

मी म्हटलं, "आमच्यात बायकांचा शिक्का नसतो. माल बापाच्या नाहीतर नवऱ्याच्या शिक्क्याने जातो."

"मग नवा कोरा," मास्तर खेकसले. "शिक्का कसा कोरायचा, ते आता मी शिकवू का तुम्हाला?"

साठ वर्षांत मी शेकडो अक्षरं उलटी कोरली, पण माझ्या नावाचं एकही नाही. तीन दिवस लागले. हात थरथर कापतो, डोळ्याला भिंग लागतं. 'ने' एवढंच अक्षर कोरलं. भारतीने शिक्क्याचं पोलाद तापवून त्याला पाणी दिलं. लाल डबीतल्या सहांवर मी एकटीनेच ठोकलं. मग मास्तरांना निरोप पाठवला.

ते आले. चिमट्यात सातवी कोरी त्यांनी स्वतः धरली. एकदा शिक्का बसला की संग्राहकाच्या लेखी ती मेली, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. भारती म्हणाली, "मास्तर, मी धरते." ते म्हणाले, "नको, बेटा. माझी आहे." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मारा. आणि हात कापू देऊ नका, लेखात मी फार स्तुती केलीय."

मी मारलं.

त्याच दिवशी वकिलांनी त्यांना नाण्यांचं कलम वाचून दाखवलं. तीनशे बारा ऐकल्यावर त्यांचे डोळे भरले, ते मी पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "या कागदावर साक्ष कोण करतंय?" वकील म्हणाले, "तुम्हाला नाही करता यायची, मास्तर. ज्याला मिळायचंय त्याने साक्ष केली, तर मागून भांडणं होतात. दोन्हींतलं एक निवडा."

मास्तर म्हणाले, "मग नाणी खोडा."

मी रागावले. म्हटलं, "मास्तर, वेड लागलंय का? अशी नाणी उभ्या कच्छात नाहीत!"

"माझ्या शाळेला द्या. आणि काचेत ठेवू नका, पोरांच्या हातात द्या. मला सही हवी आहे. चूक मी छापली आहे. दुरुस्तीही मीच छापणार. तेव्हा लोक विचारतील, मास्तर, हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी सांगेन, मी समोर होतो."

तेव्हा या कलमान्वये: तीनशे बारा नाणी मास्तरांच्या शाळेला. 'ने' शिक्क्याच्या सातही कोऱ्या एकत्र, मास्तरांच्या ताब्यात फक्त दाखवण्यासाठी, त्यांच्या पश्चात भारतीकडे. त्या कोणीही, कोणत्याही भावाला विकू नयेत. किरीटने याला हरकत घेतल्यास त्याच्या सात विटा दमयंतीला जातील.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी दमयंतीने करावी. माझ्या नावाचा शिक्का भारतीने वापरावा. तिच्या स्वतःच्या नावाचा तिने आधी कोरावा.

हे सगळं मला वाचून दाखवलं, मी समजून घेतलं, आणि खाली सही करते.

नेणबाई शिवजी बुद्धभट्टी
भुज, २५ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार:

१. डॉ. पारुल अंतानी, भुज. सही.

२. मामदहुसेन खत्री, निवृत्त शिक्षक, भुज. सही. नेणबाईंनी माझ्यादेखत आधी सातव्या कोरीवर नाव घातलं, नंतर या कागदावर. दोन्ही वेळा हात कापला नाही.