पायाळू माणसाची कंबर

११ नोव्हेंबर, जळगाव जामोद
आज चौथा दिवस. धोतर नेसताना वाकलो तो तसाच राहिलो. कंबरेपासून उजव्या टाचेपर्यंत कळ. डॉ. घरी आले. म्हणाले, दोन मणक्यांमधली गादी सरकली आहे, ती शिरेला दाबते. कापाकापीचं नाव नको. सहा आठवडे फळीवर सपाट, पायांना वजन, मिठाचा शेक. उठलात तर मी जबाबदार नाही.
सौ. त्यांना म्हणाली, "हे पायाळू हायेत, डाक्टरसाहेब. पायाकडून जन्मले. लोकायची उसण यायच्या पायानं जाते." डॉ. हसले. "मग मास्तर, स्वतःलाच एक लाथ हाणा." मलाही हसू आलं आणि हसताना ओरडलो.

१३ नोव्हें.
फळी मिळेना. शाळेच्या शिपायानं जुना फळाच आणून खाटेवर टाकला. पंधरा वर्षं ज्यावर लिहिलं त्यावर आता निजायचं. घोट्यांना पट्टे, पट्ट्यांना दोऱ्या, दोऱ्यांना विटा. हेडमास्तरांचा निरोप: २ जानेवारीला वर्गात उभे राहिलात तर नोकरी, नाहीतर दुसरा माणूस.

२० नोव्हें.
डॉ.च्या गोळ्या, वैद्यांचं एरंडेल, शेजाऱ्यांनी सुचवलेला निर्गुंडीचा पाला. फरक शून्य. सौ. मला कुशीवर वळवते, पुसते, भांडं देते. एवढा मोठा बाप्या मी. आधी लाज वाटायची, आता लाजेचाही कंटाळा आला आहे.

५ डिसें.
कळ टाचेतून गुडघ्याच्या वर आली. डॉ. खूश. कळ वर सरकली म्हणजे शीर सुटते आहे म्हणे. सौ.नं शिरा केला. आशेला लागू नये हे कळतं, पण लागलो.

१२ डिसें.
दुपारी करीमभाई पिंजारी आला. दोघांनी धरून आणला. कमरेत उसण, आणि लग्नाच्या गाद्या भरायच्या बाकी. "गुरुजी, तुमी बिमार हा, मले माहीत हाये. पण तीन दिस झाले, कापूस पिंजाची कमान उचलून नाही राह्यली. निस्ता पाय लावा."
सौ. दारातूनच नको नको करत होती. आलेल्याला पायाळूनं परत पाठवायचं नसतं, हे आईनं लहानपणीच डोक्यात भरलेलं. पण तेवढंच नाही. महिनाभरात माझा कुणाला काडीचा उपयोग झाला नव्हता. पट्टे सोडले. उठलो. तो पालथा निजला. एकदा लावला, दोनदा लावला. तिसऱ्यांदा पाय उचलला आणि कमरेत काहीतरी तुटल्यासारखं… त्याच्याच अंगावर पडलो.
करीमभाई आपल्या पायांनी घरी गेला.

१३ डिसें.
लिहवत नाही.

१६ डिसें.
डॉ. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं. उजव्या पावलाला टाचणी टोचली. रक्ताचा ठिपका दिसला, टोचल्याचं कळलं नाही. "अंगठा वर करा." केला. बघतो तर तसाच. पुन्हा विटा, पुन्हा सहा आठवडे. पाय परत येईल का विचारलं. "येतो कधीकधी." वर पाहून बोलले. २ जानेवारी गेली. म्हणजे गेल्यातच जमा.

२२ डिसें.
करीमभाई नवी उशी घेऊन आला. रडला. "तुमचा पाय लागला अन् मी उठलो, गुरुजी." चांगला माणूस आहे. मी त्याला बस म्हटलं नाही. तो ताठ चालत गेला ते बघवलं नाही. असला मी कधी नव्हतो.

३० डिसें.
हेडमास्तरांना काय कळवायचं, ठरत नाही. कागद समोर आहे.
मला वळवून वळवून सौ.ची कंबर धरली. बोलली नाही. सकाळी विहिरीवरून रिकामी घागर घेऊन परत आली तेव्हा कळलं. दुपारी खाटेच्या पायथ्याशी माझ्याकडे पाठ करून बसली. उजव्या पायाचा पट्टा सोडला, हात मागे नेऊन माझा पाय धरला आणि स्वतःच्या कमरेला टेकवला. एकदा, दोनदा, तीनदा.
"बराबर लागला का, अहो?"
पाय तिच्या पाठीवर आहे हे मला दिसत होतं. एवढंच.
"लागला," म्हटलं.
ती भिंत धरून उठली.