पेटीतला बर्फ

टीचर, आज तंजावूरच्या प्रशिक्षणवर्गात मी तुमचाच प्रश्न फळ्यावर लिहिला: लस घेऊन गावात गेल्यावर सगळ्यांत शेवटी कुणाच्या दारात जाता? ग्रामपरिचारिका वह्यांत माना घालून बसल्या. उत्तर प्रत्येकीला ठाऊक होते. मलाही होते.

ओरत्तनाडूजवळच्या त्या गावाचा नकाशा मी किती मन लावून काढला होता! महाराष्ट्रात असताना मराठी शाळेतला पहिला क्रमांक मी कधी सोडला नव्हता. तमिळ बोलताना जीभ अडखळे, म्हणून निदान रेघा सुबक काढायच्या. आधी देवळाची गल्ली, मग शेतमालकांची घरे, शेवटी कालव्यापलीकडची दलित वस्ती. हा क्रम मला कुणी सांगितला नव्हता, आणि दुसरा सुचलाही नव्हता. एकदा भर दुपारी, मी त्या वस्तीत लस टोचत असताना, तुम्ही तपासणीला आलात, लसीच्या पेटीत हात घातलात आणि ओली बोटे माझ्यापुढे धरलीत.

“हे काय?”

“पाणी, टीचर.”

“नकाशा सुरेख आहे गं. माझं घरही असंच कालव्यापलीकडे होतं. शिव्या आमच्याकडे सगळ्यांत आधी पोचायच्या, औषध शेवटी. तू तर शिवीसुद्धा देत नाहीस. किती सभ्य मुलगी!”

रांगेतल्या बायका हसल्या. बर्फ वितळून निकामी झालेल्या त्या दिवसाच्या कुप्या तुम्ही बाजूला काढल्यात आणि हलक्या आवाजात विचारलेत, “मागच्या महिन्यांत इथे पोचेपर्यंत बर्फ होता ना? नसेल तर सांग. सगळ्या पोरांना पुन्हा टोचू. रागावणार नाही.”

“होता,” मी म्हटले.

नव्हता, टीचर. माझ्या नोंदी नीटनेटक्या असत, म्हणून तुम्ही विश्वास ठेवलात. पुढच्या उन्हाळ्यात वस्तीत गोवर आला आणि चार वर्षांच्या एका मुलीच्या डोळ्यात फूल पडले. तोवर तुम्ही हे जग सोडून गेला होतात.

आता मी शिकवते की भेदभाव हेही आजाराचे कारण आहे आणि ते आपल्याच पेटीबरोबर दारोदार फिरते. उदाहरण म्हणून ‘एका परिचारिकेची’ गोष्ट सांगते. आज मागच्या बाकावरून एकीने विचारले, “ती कोण होती, मॅडम?” मी म्हटले, “जुनी गोष्ट आहे.” त्या वस्तीच्या तोंडाशी आता थंड पेयांची लाल पेटी आली आहे, तिच्यातला बर्फ संध्याकाळपर्यंत टिकतो.

हे मी मराठीत लिहिते आहे. तुम्हाला मराठी वाचता येत नव्हते, हे लिहायला बसण्याआधीच माझ्या लक्षात होते.