बिनअंगरख्याचा पाहुणा

१२ जून
सातव्या ओळीतल्या हॉपच्या वेली माझ्या छातीएवढ्याच! वरच्या तारेला लागायला हव्या होत्या, तर अर्ध्या वाटेतच बसल्यात. सालीला भेगा पडल्यात. ही ओळ फ्रान्चेकने आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा लावलेली. तो जाऊन चार वर्षं झाली. बिअरसाठी हॉप पिकवायचा हा मळा त्याचा, मी नुसती राखणदार.

१३ जून
शेजारचा व्हिन्को कुंपणावरून डोकावला. त्याच्याही दोन ओळी खुरटल्यात.
‘आपलं दोघांचं एकदमच बिघडलं गं, फनिका!’
‘तुझं आधीपासूनच बिघडलेलं. वेलींना कशाला बोल लावतोस?’
लाजला! सत्तरीचा घोडा.

१९ जून
तपासणीवाली मोइत्सा आली. पानं पिशवीत भरली. मी म्हटलं, विषाणूच ना? फ्रान्चेकची छाती भरून त्याला नेलं, तसलाच?
‘नाही, आजी. विषाणूला प्रथिनाचं कवच असतं. अंगरखा समजा. याला तेही नाही. हा विरॉइड. विषाणूहून कितीतरी लहान. धाग्याचा नुसता एक वेढा. स्वतःचं एकही प्रथिन करता येत नाही त्याला. झाडाकडूनच स्वतःच्या नकला काढून घेतो.’
‘मला धरेल?’
‘छे, हा झाडांनाच धरतो.’
‘म्हणजे उघडानागडा येतो, दुसऱ्याच्या घरात बसतो, कामं घरच्यांकडून करून घेतो! आमच्यात त्याला जावई म्हणतात.’
आता कुठे हसली पोरगी. पण जाताना म्हणाली, तोच निघाला तर वेली मुळासकट काढायच्या.

२० जून
दुपारी, झोप यावी म्हणून हॉपची फुलं भरलेल्या उशीवर डोळा लागला. स्वप्नात इवले इवले वेढे वेलीवरून घरंगळत होते, साविन्या नदीत पोरं उड्या मारतात तसे. एकाच्याही अंगावर चिंधी नाही. फ्रान्चेक खाली उभा. म्हणतो, थंडी वाजेल त्यांना, काहीतरी पांघरव! मी एप्रन सोडायला गेले — आणि जाग आली.

२७ जून
तोच निघाला. सातवी ते अकरावी ओळ काढायची.
मोइत्साने विचारलं, मार्चमध्ये छाटणी कशाने करता? फ्रान्चेकच्या चाकूने. धुता? नाही धूत! मुठीत त्याच्या हाताचा घाम मुरलाय. पातं एप्रनला पुसते.
‘पुसून जात नाही तो. रस पात्याला लागतो, पातं पुढच्या वेलीला. चाकू आणखी कुणाला देता?’
सांगून टाकलं.
दर मार्चला व्हिन्को येतो. ‘माझा बोथट झालाय गं.’ कॉफी पितो, चाकू नेतो. संध्याकाळी परत आणतो, पुन्हा कॉफी. ‘तुझा चाकू तुझ्यासारखाच!’ असं मी त्याला चारही वर्षं चिडवलं. आता हा रोग त्याच्याकडून माझ्याकडे आला की माझ्याकडून त्याच्याकडे, ते मोइत्सालाही सांगता येत नाही.

३० जून
वेली उपटल्या. ट्रॉली भरून गेली. अंगणभर झोपेचा वास. व्हिन्को टोपी काढून उभा होता, मयताला उभं राहावं तसा.

२ जुलै
चाकू धुवायच्या औषधाची बाटली द्यायला व्हिन्कोच्या कोठारात गेले. भिंतीला तीन चाकू टांगलेले. तिन्ही तेल लावलेले, धार अशी की केस उभा चिरावा. तो घाईने त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला.
चिडवलं नाही मी. म्हटलं, ‘मार्चची वाट नको बघूस. उद्याच ये कॉफीला. रिकाम्या हाताने ये.’