चपलांच्या कपाटातलं पोळं

बुकित पंजांग, सिंगापूर
९ मार्च २०१६

प्रिय निशी,

तुझी मेल मिळाली. मेक्सिकोतल्या त्या माया जमातीच्या बायकांनी पोकळ ओंडक्यातला मध काढताना या वेळी तुलाही हात लावू दिला, हे वाचून फार बरं वाटलं. नेहमीसारखी मी ती जेवताना मोठ्यानं वाचली. बाबा पेपरात डोकं घालून बसले होते, पण पान उलटायचं विसरले होते. नंतर ताटं उचलताना मला म्हणाले, "त्या ओंडक्याच्या तोंडांना चिखल कशाला लिंपतात गं?" आणि लगेच पुढचा प्रश्न: "आणि ते झाड कुठलं म्हणाला, त्सि-त्सि काहीतरी? ते आता फुलायला लागलं असेल." तुझं नाव न घेता ते तुझ्याबद्दल इतकंच बोलतात. मी मात्र प्रत्येक वेळी आशेनं ऐकते, आणि आपण त्यातून उगाच जास्त अर्थ काढतोय का, असा प्रश्नही स्वतःला विचारते.

आज मात्र मला तुझी मदत हवी आहे, तीही लवकर. आमच्या दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये चपलांचं लाकडी कपाट आहे, आठवतं? तू इथं राहून तांजोंग पगार भागातल्या बँकेत जायचास तेव्हा तुझे बूट त्यात असायचे. त्याचा खालचा खण फुगून बसलाय, उघडत नाही. त्यात डंख नसलेल्या मधमाश्यांनी घर केलंय. तू फोटोत पाठवतोस त्यांच्यापेक्षा कितीतरी बारीक, मोहरीला पंख फुटावेत तशा. समोरच्या लिम आंटींनी तक्रार केली आणि आमच्या हाउसिंग इस्टेटच्या ऑफिसातून कपाट हलवायची नोटीस आली. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे, त्यानंतर औषध फवारणारे येतील. खालच्या कम्युनिटी गार्डनची मंडळी पोळं ठेवून घ्यायला तयार आहेत. पण ते गार्डन आमच्या ब्लॉकच्या पायथ्याशीच. तूच मागे लिहिलं होतंस, की पोळं जवळच हलवलं तर बाहेर गेलेल्या माश्या जुन्याच जागी परत येतात आणि तिथंच घुटमळत राहतात. मग करायचं काय?

या माश्या पहिल्यांदा दिसल्या त्या बाबांनाच. म्हणजे माश्या नव्हे, कपाटाच्या फटीतून बाहेर आलेली करंगळीएवढी चिकट, तपकिरी नळी, त्यांचं ये-जा करायचं दार. त्यांना वाटलं, कसली तरी घाण. स्वयंपाकघरातून उलथनं आणून त्यांनी ती खरवडून काढली. (माझं डोश्याचं उलथनं! मी केवढी चिडले.) संध्याकाळी नळी पुन्हा थोडी बाहेर आलेली. सकाळी पुन्हा उलथनं. असं बरेच दिवस चाललं. तुला माहीत आहेत बाबा. वीज खात्यात आयुष्य काढलेला माणूस, हार कशी मानणार? एक दिवस मी पाहिलं, तर उलथनं हातात तसंच आणि ते खुर्ची टाकून नळीसमोर बसलेले. "मोडलं की बांधतात. हट्टी आहेत कार्टी," म्हणाले. ते शब्द त्यांनी पूर्वी कुणासाठी वापरले होते, ते तुला सांगायला नको.

आई गेल्यानंतर इथं आल्यापासून त्यांना करण्यासारखं काहीच नव्हतं. आता सकाळचा चहा कॉरिडॉरमध्ये होतो. कुंडीतल्या तुळशीच्या मंजिऱ्या ते पूर्वी नेमानं खुडायचे. आता मला हात लावू देत नाहीत, कारण माश्या तिथं येतात. जेवताना गार्गीला सांगतात, आज माश्यांच्या पायांना पिवळे पराग लागले होते, आज पांढरे. ती इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणते, "आजोबा, यू ऑलवेज टॉक बीज ओन्ली, लाह!"

तू नोकरी सोडून निघालास त्या दिवशी ते काय म्हणाले, ते मी विसरलेले नाही. "माश्याच मारायच्या होत्या, तर इंजिनियर कशाला झालास?" आणि तू नमस्कार न करता लिफ्टमध्ये शिरलास. कुणाची बाजू घ्यावी ते मला तेव्हा कळलं नव्हतं, आजही कळत नाही. पण परवाचं तुला सांगायलाच हवं. ऑफिसातला तरुण कपाट बघायला आला. "अंकल, यू शुअर दे डोन्ट स्टिंग?" त्यानं विचारलं. मी दाराआड होते. बाबा सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "माय सन इज डॉक्टर ऑफ धिस ओन्ली. इन मेक्सिको. गव्हर्नमेंट कन्सल्ट्स हिम." तिथलं सरकार तुला काही विचारत नाही, हे त्यांनाही ठाऊक असणार. तो मुलगा हसून म्हणाला, "देन आस्क युअर सन, अंकल," आणि तुझ्या नावावर ही मुदत देऊन गेला. तो गेल्यावर बाबा पुन्हा खुर्ची ओढून नळीसमोर बसले. चहा निवून गेला.

खरं तर हे पत्र माझा प्रश्न म्हणून जायचं होतं. काल ते मला म्हणाले, "तू विचार त्याला. मी विचारलंय असं लिहू नकोस." मी हो म्हटलं, आणि तरीही लिहितेय. हे बरोबर की चूक, हे सकाळपासून ठरत नाहीये. आता ठरवायचं सोडून देते. उत्तर मला पाठवू नकोस निशी. मला त्यातलं कळत नाही, मी काहीतरी चुकीचं सांगेन आणि माश्या हकनाक जातील. रविवारी आमच्या सकाळी नऊला घरच्या फोनवर फोन कर. तुझ्याकडे शनिवारची संध्याकाळ असेल. तन्मयला रविवारी ऑफिस नसतं, पण मी त्याला आणि गार्गीला घेऊन बाहेर पडलेली असेन, त्यामुळे उचलायला घरात दुसरं कुणी नसेल. "प्रणिता घरी नाही" एवढंच ते आधी म्हणतील. तू ठेवू नकोस.

तुझीच,
प्रणिताताई